हळदीतलं सोनं

आमच्या आबांच्या स्टुडिओत शिरायचं तर आधी राखाडी शर्ट चढवावा लागायचा. दाराआड खुंट्यांवर ते शर्ट टांगलेले असत, बायकांसाठी राखाडी ओढण्या. नवरदेव येवो नाहीतर नवरदेवाचा बाप येवो, मॉनिटरसमोर बसायचं तर अंगावरचा रंग झाकून. लाल साडीतल्या बाई पुढ्यात बसल्या की त्यांचा लाल भिंतीवर पडतो, भिंतीवरून माझ्या डोळ्यात येतो, आणि मग त्यांच्याच लेकीचं तोंड मी हिरवट करून ठेवतो, असं आबा समजावून सांगायचे. सगळ्यांना ते पटायचं असं नाही. न पटणाऱ्यासाठी आबा उठून पंखा बंद करत आणि तो शर्ट घालेपर्यंत पुन्हा लावत नसत. जळगावचा मे महिना. भलेभले राखाडी होत. एका पुढाऱ्याने गळ्यातलं उपरणं काढून खुंटीला लावलं आणि जाताना विसरून गेला, तर आबांनी ते पुढे कित्येक दिवस की-बोर्डवर झाकण म्हणून वापरलं.

पिंप्राळ्यात पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर हा स्टुडिओ. खाली चक्की सुरू झाली की आमची खुर्ची थरथरायची. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग हे आमचं काम, म्हणजे कापायचं, जोडायचं, गाणी टाकायची आणि रंग लावायचा. कापाकापी माझ्याकडे, रंग आबांकडे. मी सोनगीरची, लग्न होऊन जळगावात आले आणि या माणसाच्या हाताखाली पडले. पडले म्हणते, कारण पहिल्या महिन्यात मला रोज रात्री वाटायचं की उद्या काही मी जिना चढत नाही.

आबा हे त्यांचं नाव नव्हतं, वयही आबा म्हणण्याचं नव्हतं. आजोबांचं नाव त्यांना ठेवलेलं, आणि सासऱ्याचं नाव तोंडात कसं घ्यायचं म्हणून त्यांची आई पाळण्यातल्या पोराला आबा म्हणायला लागली. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते. त्याचा परिणाम झालाच असणार. लहानपणापासून ज्याला अहो-जाहो मिळालं त्याला नम्रपणा कुठून येणार? आपल्या तोडीचा रंगवाला जळगाव जिल्ह्यात नाही असं ते चारचौघांत म्हणायचे. कोणी धुळ्याचं विचारलं तर नुसते हसायचे. मी धुळे जिल्ह्यातली, माझ्या देखत हसायचे.

मॉनिटरच्या बाजूला रोज एक पिकलेलं केळं. सकाळी हातगाडीवरून निवडून आणायचे, डाग नको, हिरवट देठ नको. रंग लावताना मध्येच मान वळवून त्या केळ्याकडे बघायचे. खूप वेळ स्क्रीनकडे पाहिलं की डोळा खोटं बोलायला लागतो, केळं बोलत नाही, हे त्यांचं म्हणणं. संध्याकाळी काम संपलं की तेच केळं खाऊन टाकायचे. केळं दुपारीच खाल्लं तर समजावं की आज काहीतरी बिनसलंय.

आता हे रंग लावणं म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आधी पूर्ण चित्र सुधारायचं. अंधार असेल तर उजेड, पिवळट असेल तर पांढरं. त्यानंतर येतं सेकंडरी कलर करेक्शन. म्हणजे चित्रातला एकच रंग पकडायचा, तेवढाच बदलायचा आणि बाकी कशाला धक्का लावायचा नाही. मला पहिल्या दिवशी हे कळेना. तेव्हा आबा म्हणाले, पहिलं करेक्शन म्हणजे पाटाचं पाणी, सगळ्या शेतात फिरतं. दुसरं म्हणजे ठिबक. ज्या झाडाला द्यायचं त्याच्याच बुडाशी. जळगावात राहून हे नाही कळलं तर घरी जा.

त्या ठिबकासाठी प्लग-इन लागतात, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायची छोटी अवजारं. बाजारात रोज नवं निघतं. हे एका क्लिकमध्ये त्वचा उजळतं, ते आभाळ निळं करतं. कंपन्यांची पोरं पुण्या-मुंबईहून फोन करायची, आणि फुकट वापरून बघायला ट्रायल मिळायची. आबा याला स्थळ पाहणं म्हणायचे. नवं स्थळ आलंय, चहा टाक. मग त्या बिचाऱ्या प्लग-इनला असं काही बघायचे की मला खरोखर पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुली आठवायच्या. घराणं कोणतं, वागायला कसं आहे, आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नांदेल का, की आल्या दिवशी सगळं बंद पाडेल? दिसायला सुंदर असलं की आबांना जास्तच संशय यायचा.

आणि पेपर द्यावा लागायचा. आमच्या शेजारच्या एका बौद्ध कुटुंबातल्या मुलीच्या लग्नाची क्लिप होती. पांढरी साडी, पांढरा पडदा, मागे पांढरी भिंत, आणि मधोमध सावळी, खळखळून हसणारी नवरी. तिचे वडील फुटेज देताना एवढंच म्हणाले होते की आमची पोरगी जशी आहे तशी दिसू द्या. आबांनी हे वाक्य डोक्यात घट्ट बांधून ठेवलं. नवं प्लग-इन आलं की या क्लिपवर चालवायचं, साडीचा पांढरा सुधारायला लावायचा. साडी सुधारताना त्याने मुलीच्या तोंडाला एवढासा जरी हात लावला, तिला कणभर गोरी केली, की संपलं. "नापास व्हयनं," आबा म्हणायचे आणि ट्रायल काढून टाकायचे. फोनवरचा पोरगा सांगत राहायचा की सर, हेच तर त्याचं फीचर आहे. आबा त्याला विचारायचे की तुझं लग्न झालंय का, आणि फोन ठेवायचे.

स्वतःलाही त्यांनी याच पेपरला बसवलं. पुढे त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या दिवशी थेट जिना चढून आले, राखाडी शर्ट घातला, ती पांढरी क्लिप लावली. उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा झाकून पाहिलं. एका डोळ्याला साडी निळसर दिसत होती, दुसऱ्याला चहात बुडवल्यासारखी. पुन्हा एकदा दोन्हीकडून पाहिलं आणि म्हणाले, "आबा नापास." उठले आणि मला म्हणाले, बस. दुसऱ्याही डोळ्याचं झालं की सगळं ठीक होईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. झालंही. पण नापास झालेल्या प्लग-इनला त्यांनी कधी दुसरी संधी दिली नव्हती, मग स्वतःला कशी देतील? आता ते लेकीकडे नाशकात असतात. त्यांच्या खुर्चीत मी बसते, आणि हो, मला त्याचा अभिमान आहे. कोणी विचारलं तर मी सांगते की मी आबांची माणूस. न विचारताही सांगते.

पण मला खरं सांगायचंय ते माझ्या बहिणीच्या माळेचं. ते आधीचं, आबांचे डोळे धड होते तेव्हाचं.

आबांचा एक नियम होता. घरच्या लग्नात जेवायचं, काम करायचं नाही. मी त्यांना घरची, म्हणून माझी बहीणही घरची. तेव्हा तिच्या लग्नाचं शूटिंग धुळ्याच्या एका स्टुडिओला गेलं. आबा सोनगीरला आले, पंगतीत बसले, वांग्याच्या भाजीला नावं ठेवत दोनदा वाढून घेतलं. हळदीच्या वेळी मात्र मांडवाकडे वर बघत उभे राहिले. वर पिवळं कापड ताणलेलं. ऊन त्यातून गळून खाली येत होतं, माणसं पिवळी, जमीन पिवळी, झेंडू पिवळा, हळद तर पिवळीच. कॅमेरावाल्याला जाऊन म्हणाले, भाऊ, हे कापड तुझा सगळा रंग खाणार आहे. तो हसला आणि म्हणाला, आबा, आजकाल प्लग-इन असतात. आबांना कोणी प्लग-इन शिकवलेलं मी तेवढंच पाहिलं.

आईचा हट्ट होता की हळदीतही मोहनमाळ गळ्यात हवी. व्हिडिओत दिसली पाहिजे. वडिलांनी ती जळगावच्या सराफाकडून घडवून आणलेली, आमच्या घरातलं तेवढंच मोठं सोनं. बहिणीने घातली.

पुढे व्हिडिओ आला. धुळ्याच्या पोराने तोंडावरची हळद जास्त भडक दिसते म्हणून पिवळा रंग पकडला आणि उतरवला. प्लग-इनला बिचाऱ्याला काय कळतंय हळद कोणती आणि सोनं कोणतं? पिवळं दिसेल ते सगळं त्याने उतरवलं. बहिणीचं तोंड धुतल्यासारखं झालं आणि गळ्यातली माळ फिकट, हिरवट, न घासलेल्या पितळेसारखी.

नरडाण्याला सासरी टीव्हीवर सगळ्यांनी मिळून तो पाहिला. शेजारपाजार जमलेला. माळ दिसली तशी तिची नणंद म्हणाली, "सोनगीरनं शे ना, पितळच ऱ्हाई."

सोनगीरचं आहे ना, मग पितळच असणार. आमच्या गावची तांब्या-पितळेची भांडी सगळ्या खान्देशात जातात, तेव्हा हा टोमणा आम्हाला नवा नाही. माणसं हसली आणि व्हिडिओ पुढे गेला. पण त्यानंतर एका लग्नाला निघताना बहिणीने माळ कपाटातून काढली, तर सासू म्हणाली, राहू दे, ठेवून दे. पुढच्या वेळीही राहू दे. भांडण नाही, आरोप नाही, कोणी काही विचारत नाही. नुसतं राहू दे. बहीण मला फोनवर म्हणाली की ताई, मी आता त्या कपाटाकडे बघतसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, सराफाकडे नेऊन कस लावायचा, विषय संपला. माझ्या वडिलांच्या कानावर नणंदेचा टोमणा तेवढा गेला, तर ते म्हणाले, ज्या दिवशी माझ्या लेकीच्या गळ्यातलं सोनं कसाला लागेल त्या दिवशी मी लेकीला घरी घेऊन येईन. आणि ते आणणारे होते. आमच्या बापाला एकदा म्हटलेलं मागे घेता येत नाही. म्हणजे तिकडे विचारायचं नाही आणि इकडे सांगायचं नाही, आणि मधल्यामध्ये माझी बहीण चोर नसताना चोरासारखी वावरत होती. मला इतका संताप आला होता की कापाकापी करताना मी एका लग्नातली नवरदेवाची सगळी बहीण-मंडळी काढून टाकली आणि मग परत घातली.

आबांना सांगितलं. दुपारी दीडच्या सुमारास त्यांनी केळं खाल्लं.

दुसऱ्याने बिघडवलेल्या कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम होता. तो त्यांनी त्या दिवशी गुंडाळून ठेवला. घरचं लग्न म्हणून मी काम केलं नाही, आणि घरच्याच पोरीचं सोनं पितळ झालं, एवढं पुटपुटले आणि म्हणाले, कच्चं फुटेज मागव. धुळ्याचा पोरगा स्वभावाने चांगला होता, त्याने हार्ड डिस्क एसटीने पाठवून दिली.

मग सुरू झालं स्थळं पाहणं. आमच्याकडे होतं ते प्लग-इन पहिल्या फेरीत गेलं. सोनं पकडायला सांगितलं तर हळद, झेंडू आणि मांडव सगळंच कवेत घेतलं. दुसऱ्याने माळ बरोबर पकडली, पण बहीण हसली, हलली, की माळेच्या कडेने मुंग्या धावल्यासारखं दिसायचं. तिसरं फार नावाजलेलं, महागाचं. त्याने माळ अशी झळकवली की आबा हात जोडून म्हणाले, हे सोनं नाही, बेगड आहे, गणपतीच्या मखराला लावा. मी म्हटलं, पिवळं ते पिवळं, आता त्यातून वेगळं काय काढणार? तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बठ्ठं पिवळं एक नही ऱ्हास, माय." सगळं पिवळं एक नसतं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन सराफ बाजारात गेले. आत नाही. एका पेढीच्या काचेबाहेर उभे राहिले, अंगात तोच राखाडी शर्ट, आणि आतल्या माळांकडे टक लावून बघत बसले. कधी वाकून, कधी पलीकडून, कधी हाताने ऊन अडवून. दाराशी बंदूकवाला रखवालदार. त्याने थोडा वेळ सहन केलं आणि विचारलं, काय पाहिजे बाबा? आबा म्हणाले, सावली. मी मेले लाजेने. रखवालदार आम्हाला हाकलणार तेवढ्यात आबा वळले आणि रिक्षाकडे चालायला लागले, असे की त्यांनाच कुठेतरी घाई आहे.

रिक्षात सांगितलं. सोनं आणि हळद उजेडात सारखीच पिवळी. पण सोन्याच्या मण्याची सावलीकडची बाजू तांबूस होते, लालसर. हळदीची सावली मळकी, मातकट. पितळेची हिरवट. म्हणून माळ उजेडात शोधायची नाही, सावलीत शोधायची. आता आपल्याला असं प्लग-इन पाहिजे जे नुसता रंग पकडत नाही, तर रंगाचा अंधारा भाग वेगळा पकडू देतं आणि माळ हलली की तिच्याबरोबर हलतं.

ते मिळालं. दिसायला अगदी गरीब, बटणं जुनाट, जाहिरात नाही. एका क्लिकमध्ये ते काहीच करायचं नाही, सगळं हाताने. आबांचा चेहरा असा खुलला की जणू मुलगी नाकीडोळी नीटस निघाली आणि वर पदवीधर. आधी पांढऱ्या पेपरला बसवलं. शेजारची सावळी नवरी सावळीच राहिली. मग माळ. एकेक मणी सावलीतून लाल होत वर उजेडात पिवळा झाला, आणि बहिणीच्या गालावरची हळद हळदच राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबा म्हणाले, स्क्रीन धूसर दिसेल, पूस ते.

तेव्हाच कच्च्या फुटेजमध्ये एक फ्रेम सापडली. नवरदेवाची उष्टी हळद घेऊन वरपक्षाच्या बायका आल्या, त्यात पुढे नणंद. ती माझ्या बहिणीच्या गालाला हळद लावतेय आणि तिच्या मनगटात सोन्याच्या जाड पाटल्या. तयार व्हिडिओत धुळ्याच्या पोराने इथे बदामाच्या आकाराची चौकट टाकली होती, त्यात नणंदेचा हात कापला गेला म्हणून कोणाच्या नजरेला पडला नाही. आम्ही बदामाशिवायच्या या फ्रेमवर त्या पोराचंच प्लग-इन लावून पाहिलं. पाटल्या माळेसारख्याच, हिरवट पितळ.

मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, आबा, हे असंच ठेवायचं. माळ सुधारायची, पाटल्या पितळेच्या राहू द्यायच्या, आणि सगळ्या नरडाण्याला बोलावून दाखवायचं. बघू दे तिला कसं वाटतं ते.

आबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिच्या पाटल्यापण कोणीतरी बापानेच केल्यात ना?" आणि त्यांनी आधी पाटल्या घेतल्या, मग माळ. पाटल्यांवर जास्त वेळ घालवला. मी रागाने खाली जाऊन गिरणीत बसले.

आम्ही दोघं नरडाण्याला गेलो. निमित्त असं की लग्नात आहेर राहून गेला होता, तर आबांनी व्हिडिओ पुन्हा करून आणलाय. गेल्या गेल्या त्यांनी टीव्हीचा रिमोट घेतला. टीव्ही भडक ठेवला होता, तो उतरवला. पिवळा पडदा काढायला लावला. चहा आला तो गार झाला. सासू-सासरे, नणंद, बहिणीचा नवरा, सगळे या माणसाकडे बघत होते. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदराचं टोक हातात धरून.

व्हिडिओ सुरू झाला. हळद आली. ती फ्रेम आली आणि आबांनी तिथेच थांबवली. नणंदेचा हात बहिणीच्या गालाला, पाटल्या आणि माळ शेजारी शेजारी, एका उन्हात, एका रंगाच्या. नणंद पुढे सरकली. आधी स्क्रीनवरच्या पाटल्या बघितल्या, मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग माळेकडे. बराच वेळ माळेकडे. मग मान न वळवता म्हणाली, "वहिनी, माळ घालून ये ना."

बहीण आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. माळ घालून ती बाहेर आली तेव्हा तिच्या सासूने तिला जवळ बोलावून पदर नीट केला.

आबा उठले. मला वाटलं आता हा माणूस चार शब्द बोलणार. ते बहिणीजवळ गेले, वाकले, गळ्यातल्या माळेकडे बघितलं, मागे वळून टीव्हीकडे बघितलं, पुन्हा माळेकडे. माझा जीव टांगणीला, कारण बघणाऱ्याला वाटावं की सोनंच पारखतायत. आणि मग तोंड वाकडं करून म्हणाले की नाही, जमलं नाही, सावलीत जरा लाल जास्त झालाय, खरी माळ याहून शांत आहे. पेन ड्राइव्ह काढा, परत नेतो, सुधारून आणतो. खरंच काढायला निघाले.

नणंदेने त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या आबा," ती म्हणाली. "सोनं शे ते, माले दिसी ऱ्हायनं."

आबा बसले आणि गार चहा प्यायले.

आता नवं प्लग-इन आलं की मी त्याला दोन पेपर देते. एक त्या सावळ्या नवरीचा आणि दुसरा हा, माळेचा. वर्षं झाली, किती वेळा ती फ्रेम मोठी करून, एकेका मण्याच्या सावलीत शिरून पाहिलीय. आबांना जो जास्तीचा लाल दिसला होता तो मला अजून सापडलेला नाही.